पोपटपंची

आपल्या भाषेने काही प्राण्यांवर मोठा अन्याय केला आहे. गाढवाला तिने मूर्ख ठरवले, कोल्ह्याला लबाड ठरवले, बगळ्याला ढोंगी ठरवले. आणि पोपटाच्या नावाने तर तिने एक स्वतंत्र शब्दच घडवला : पोपटपंची. अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी म्हणजे पोपटपंची, असे कोश सांगतात आणि शिक्षकही सांगतात. माझा बहुतेक जन्म शाळेच्या इमारतींतच गेला. आधी विद्यार्थी म्हणून, मग शिक्षक म्हणून आणि शेवटी मुख्याध्यापक म्हणून हा शब्द मी किती वेळा ऐकला असेन, याची गणती नाही. तो कानी पडला की मला एका विशिष्ट पोपटाची आठवण होई. आणि वाटे, ज्याने कुणी हा शब्द प्रथम वापरला त्याने पोपट पाहिला असेल, पण पाळला मात्र खास नसेल.

तो पोपट आमच्या घरी आला १९६८ साली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी आमचे गाव. गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर शिरसाचे एक जुनाट झाड होते आणि त्याच्या ढोल्यांतून पोपटांची वस्ती होती. त्या वर्षी चैत्रात एका संध्याकाळी वळिवाचे वादळ झाले आणि ते झाड मुळासकट उन्मळून पडले. दुसऱ्या दिवशी आमचा गडी सरपण आणायला म्हणून तिकडे गेला, तो परतताना मुंडाशाच्या शेवात एक पिल्लू गुंडाळून घेऊन आला. बाकीची पिल्ले मेलेली होती. हे जिवंत होते, एवढेच त्याच्याविषयी म्हणता आले असते. एक मोठे डोके, त्याला चिकटलेली वाकडी चोच आणि उरलेले सारे पोट, असे त्याचे रूप होते. अंगावर पिसे म्हणावी अशी नव्हतीच. हिरवे कोंब तेवढे फुटू लागले होते.

“हे काही जगायचे नाही,” असे आजोबा म्हणाले. आजी काहीच बोलली नाही. तिने फडताळातून बोंडले काढले. ज्या बोंडल्याने तिने आम्हां सगळ्या भावंडांना दूध पाजले होते, त्याच बोंडल्याने ती त्या पिल्लाला जोंधळ्याच्या पिठाची पातळ पेज पाजू लागली. पहिले चार दिवस ती रात्रीही उठत असे. महिन्याभरात पिल्लाचे अंग हिरवेगार झाले, चोच लाल झाली आणि त्याचे नाव राघू पडले. हे नाव कुणी ठेवले असे नाही. पोपटाला राघू म्हणायचे नाही, तर दुसरे काय म्हणायचे?

पुढे लोहाराकडून तारेचा एक मोठा पिंजरा करून घेतला आणि तो ओसरीच्या तुळईला टांगला. शेजारच्या एकाने सल्ला दिला की, याचे पंख छाटून टाका, म्हणजे उडून जाण्याची भीती नाही. “ज्याचे झाड पडले, त्याचे पंखही आपणच पाडायचे का?” असे आजी म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला. दिवसा पिंजऱ्याचे दार बहुधा उघडेच असे. राघू ओसरीवर तुरुतुरु हिंडे, आजोबांच्या पागोट्याचे सूत उसवी, आणि दिवेलागणीला मांजराच्या भयाने त्याला आत ठेवून कडी लावली जाई. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची हे त्याचे आवडते खाणे. मिरची तो इतक्या चवीने खाई की, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. मिरचीतला जो अंश आपल्या जिभेला जाळतो, तो पक्ष्यांना जाणवतच नाही, हे मला फार पुढे कळले. आम्ही मुले मात्र तेव्हा त्याला मोठा शूर समजत होतो.

सगळ्या गावाला त्याचे कौतुक होते असे मात्र नाही. जोंधळा निसवला की शेतकरी माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकतात. आणि कणसांची सर्वांत अधिक नासधूस करतो तो पोपट. एक कणीस पुरते खाणार नाही. दोन दाणे टिपून ते टाकणार आणि दुसऱ्याकडे वळणार. त्यामुळे राखणीहून दमून आलेला गडी आमच्या ओसरीवर टेकला म्हणजे राघूकडे पाहून म्हणे, “तुझे सोयरे सकाळपासून माझ्या उरावर बसलेत, आणि तू इथे डाळ खा!”

राघूला बोलायला शिकवण्याचे काम आजोबांनी आपण होऊन पत्करले. ते लोकल बोर्डाच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. शिकवणे हा त्यांचा धर्म होता आणि समोर शिष्य नसला की त्यांना करमत नसे. रोज सकाळी स्नान आटोपून ते पिंजऱ्यापुढे पाट मांडून बसत आणि स्वच्छ, ठाशीव आवाजात म्हणत, “राघू, राम राम म्हण. राम राम!” राघू मान वाकडी करून एका डोळ्याने त्यांच्याकडे बघे. पाच महिने हा पाठ चालला. एकही दिवस खंड पडला नाही. राघूने एकही दिवस ‘राम’ म्हटले नाही.

आणि मग एका दुपारी दिंडी दरवाजाची कडी वाजली, तेव्हा ओसरीवरून स्पष्ट आवाज आला, “आले, आले!” आजी तेव्हा परसात होती. पोस्टमन पत्र हातात धरून दाराशी उभा राहिला आणि आत येऊन कोण बोलले याचा शोध घेऊ लागला. कडी वाजली की माजघरातून धावत येताना आजी जे दोन शब्द उच्चारी, ते त्याने तिच्याच आवाजात, तिच्याच घाईने उच्चारले होते. पुढे माझ्या लक्षात आले की, तो ते शब्द भलत्या वेळी उच्चारत नसे. कडी वाजली, कुणी हाक मारली, की मगच, “आले, आले!” दोन वर्षांनी त्याच्या गळ्याभोवती काळे-गुलाबी वलय उमटले. आमच्याकडे त्या वलयाला कंठ म्हणत, आणि तो नरालाच फुटतो. म्हणजे आमचा राघू पुरुष होता हे सिद्ध झाले. पण लिंगाच्या बाबतीत त्याने व्याकरणाची पर्वा कधी केली नाही. जन्मभर तो ‘आले’च म्हणत राहिला.

आजोबांना या प्रकाराचा थोडा राग आला असावा. जो शिष्य शिकवलेले शिकत नाही आणि न शिकवलेले उचलतो, त्याच्यापुढे कोणता शिक्षक अस्वस्थ होणार नाही? पण त्यांचीही पाळी पुढे आली. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की आम्ही मुले ओसरीवर परवचा म्हणत असू. पाढे, पावकी, निमकी असा सारा खटाटोप रोज चाले. राघू तुळईखाली बसून हे सगळे ऐके. त्याने एखादा पाढा उचलावा, म्हणजे आमच्या जागी त्यालाच बसवता येईल, अशी आमची फार इच्छा होती. पाढ्यांतला एक शब्दही त्याने घेतला नाही. पण म्हणता म्हणता आमच्यापैकी कुणी अडखळला, की आजोबा वर न पाहताच एक शब्द बोलत : “पुढे?” तेवढा एक शब्द मात्र राघूने उचलला. तोही नेमका वापरायला उचलला. सोळा साते कुणाला आठवेना आणि क्षणभर शांतता पसरली, की आजोबांच्या आधी राघूच विचारी, “पुढे?” त्या दिवसापासून आम्हांला दोन शिक्षक झाले. दुसरा अधिक कडक होता. कारण तो घरी आलेल्या पाहुण्यांनाही सोडत नसे. एखादे गृहस्थ आपल्या मुलीच्या लग्नाची हकिकत सांगता सांगता श्वास घ्यायला थांबले, की वरून प्रश्न येई, “पुढे?”

हे सगळे कसे घडले, याचे उत्तर मला कित्येक वर्षांनी एका परदेशी विदुषीच्या कामात सापडले. आयरीन पेपरबर्ग हे त्यांचे नाव. १९७७ साली त्यांनी अमेरिकेतील शिकागो शहरातल्या एका दुकानातून आफ्रिकेतील करड्या पोपटाचे सुमारे वर्षाचे पिल्लू विकत घेतले आणि त्याचे नाव ॲलेक्स ठेवले. पुढची तीस वर्षे त्या त्याला शिकवत होत्या आणि त्याच्याकडून शिकतही होत्या. त्यांची शिकवण्याची रीत मोठी लक्षात घेण्यासारखी आहे. त्या ॲलेक्ससमोर बसून एकच शब्द शंभर वेळा उच्चारत नसत. त्याच्यासमोर दोन माणसे बसत. एक शिक्षक होई, दुसरा विद्यार्थी. शिक्षक हातात किल्ली धरून विचारी, हे काय आहे? दुसऱ्याने बरोबर सांगितले तर ती किल्ली त्याला मिळे. चुकीचे सांगितले तर किल्ली दृष्टीआड होई. मग दोघे भूमिका बदलत. पोपट हे सगळे पाहत असे, आणि त्या खेळात आपल्यालाही भाग मिळावा म्हणून बोलू लागे. त्याने किल्लीचे नाव घेतले तर बक्षीस म्हणून किल्लीच मिळे, दाणा नव्हे; कारण शब्दाचा आणि वस्तूचा संबंध त्याच्या मनात जुळायला हवा होता. ही रीत मुळात डीटमार टोट या जर्मन संशोधकाची. पेपरबर्ग यांनी ती वाढवली.

अशा रीतीने ॲलेक्स सुमारे ५० वस्तूंची नावे, ७ रंग, ५ आकार आणि ६ पर्यंतच्या संख्या ओळखू लागला. दोन वस्तू पुढे केल्या तर त्यांत सारखे काय आणि वेगळे काय, हे तो सांगे. आणि काहीच वेगळे नसेल तर ‘काही नाही’ अशा अर्थाचा शब्द वापरी. एकदा तबकात दोन, तीन आणि सहा अशा संख्येने निरनिराळ्या रंगांचे ठोकळे मांडून ‘तीन कोणत्या रंगाचे?’ असे त्याला विचारीत होते. तो पुनःपुन्हा ‘पाच’ असेच म्हणे. शेवटी, ‘बरे, पाच कोणत्या रंगाचे?’ असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले, ‘काही नाही’. तबकात पाच ठोकळे कोणत्याच रंगाचे नव्हते. शून्याची कल्पना त्याला आली होती, असे एकदम म्हणून टाकण्याचा मोह होतो. पण पेपरबर्ग स्वतः फार जपून बोलत. ॲलेक्सला आपल्यासारखी भाषा येते, असा दावा त्यांनी केला नाही. जे दिसले तेवढे त्यांनी नोंदवले. ६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी ॲलेक्स मेला, तेव्हा जगातल्या मोठमोठ्या वृत्तपत्रांनी ती वार्ता छापली.

आता आमच्या ओसरीकडे पाहा. आजोबांचा ‘राम राम’ हा एकट्याचा पाठ होता. त्याला कुणी उत्तर देत नव्हते, त्यातून काही घडत नव्हते. पण कडी वाजे, आजी ‘आले’ म्हणे आणि दार उघडे. मूल अडखळे, आजोबा ‘पुढे?’ म्हणत आणि पाढा चालू लागे. राघूने तेच शब्द घेतले, ज्यांनी घरात काहीतरी हलत होते. ज्याला पोपटपंची म्हणतात ती पाच महिने त्याच्यापुढे चालली होती, आणि ती त्याने साफ नाकारली होती.

आपल्या पूर्वजांनी बोलक्या पोपटाला असे हीन लेखले नव्हते. कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे, तिच्यात पोपट आणि मैना यांना बोलायला शिकवणे ही एक कला म्हणून सांगितली आहे. ग्रीक वैद्य क्टेसियस याने इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास हिंदुस्थानाविषयी जे लिहिले, त्यातही माणसासारख्या बोलणाऱ्या पक्ष्याचे नवल आहे. तो तिथली भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे तो म्हणतो. आणि सातव्या शतकातील बाणभट्टाची ‘कादंबरी’ घ्या. मराठीत आपण ज्या ग्रंथप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्याला हे नाव त्या ग्रंथावरून मिळाले. आणि त्या ग्रंथात कथा सांगतो कोण? शूद्रक राजाच्या दरबारी पिंजऱ्यातून आणलेला वैशंपायन नावाचा पोपट! आपल्या साऱ्या कादंबऱ्यांची मूळ आजी एका पोपटाच्या तोंडून बोलते, हे आपण विसरून गेलो आहोत.

पण बाणभट्टाच्या त्या पोपटाच्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा आरंभ. तो आपल्या विद्येपासून सुरुवात करीत नाही, जन्मस्थानापासून करतो. विंध्याटवीतल्या एका प्रचंड शाल्मलीच्या ढोलीत तो जन्मला. एके दिवशी एक म्हातारा शिकारी त्या झाडावर चढला, ढोलीढोलीतून पक्षी काढून त्यांच्या माना मुरगळून त्यांना खाली टाकू लागला. बापाने पिल्लाला पंखाखाली घेतले, आणि तो मेला. पिल्लू पाचोळ्यावर पडले म्हणून वाचले. राजसभेत मधुर भाषण करणाऱ्या पक्ष्याच्या मागे काय असते, हे त्या कवीला ठाऊक होते. पिंजऱ्याची गोष्ट नेहमी झाडाच्या ढोलीपाशी सुरू होते.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. ज्या बुद्धीमुळे ॲलेक्सची कीर्ती झाली, त्याच बुद्धीमुळे त्याच्या जातीचे पक्षी आफ्रिकेच्या अरण्यांतून जाळ्यांनी आणि सरसांनी इतके पकडले गेले की, कित्येक ठिकाणची झाडे मुकी झाली. अखेर २०१६ साली जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत रानातल्या करड्या पोपटांच्या व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले, आणि २०१७ च्या आरंभापासून ती अमलात आली. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांमुळे आपल्या रानातला पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा आज गुन्हा आहे. झाड पडून असे पिल्लू आता कुणाला सापडले, तर ते वन विभागाच्या स्वाधीन करावे लागते. आणि ते योग्यच आहे. परदेशी जातीचे पक्षी बाळगणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांप्रमाणे शासनाकडे नोंद करावी लागते. तरी आठवड्याच्या बाजारात टोपलीवर फडके टाकून हिरवी पिल्ले विकणारा माणूस मी अजूनही क्वचित पाहतो, आणि ते फडके उचलून आत डोकावणारी माणसेही पाहतो.

पण कायदा पाळला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात राहतो. त्याने रीतसर नोंद करून एक करडा पोपट पाळला आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या घरी गेलो होतो. सातव्या मजल्यावरील सदनिका, पती-पत्नी दोघेही नोकरीवर. पक्षी अतिशय देखणा. पण छातीवरची पिसे त्याने स्वतःच उपटून काढली होती आणि गुलाबी कातडी उघडी पडली होती. “सर, पशुवैद्यांनी तपासले, रोग काही नाही म्हणाले,” असे तो सांगू लागला. “आणि एवढा हुशार पक्षी, पण वाक्य एकही शिकत नाही.” मी तासभर त्या पक्ष्याचे बोलणे ऐकत बसलो. तो मोबाईलची घंटी वाजवत होता, कुकरच्या शिट्ट्या मारत होता, दार उघडल्याची सूचना देणारा लिफ्टमधल्या बाईचा आवाज काढत होता. त्या सबंध तासात त्याने एकही शब्द असा उच्चारला नाही, जो माणूस माणसाला उद्देशून बोलतो. तो शिकत नव्हता असे नव्हते. घराने जे शिकवले ते तो तंतोतंत म्हणून दाखवीत होता. मी विद्यार्थ्याला एवढेच विचारले, “तुम्ही दोघे घरी असता किती वेळ?” त्याने उत्तर दिले नाही. पण पुढच्या महिन्यात त्याने गावाकडून आपल्या वडिलांना आणले आणि पिंजरा त्यांच्या खुर्चीजवळ ठेवला. वडील दिवसभर वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. पक्ष्याच्या छातीवर आता लव आली आहे, असे तो कळवतो. पूर्वीची पिसे सगळी येतील की नाही, हे पशुवैद्यालाही सांगता येत नाही. असा पक्षी चाळीस-पन्नास वर्षे जगतो. वडिलांचे वय बाहत्तर आहे.

पक्षी बोलतो तो आपली करमणूक व्हावी म्हणून नव्हे. पोपट हा थव्याने राहणारा जीव आहे, आणि थव्यात राहायचे तर थव्याची हाक शिकावी लागते. २०११ साली व्हेनेझुएलातल्या एका लहान जातीच्या पोपटांविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या जातीत प्रत्येक पिल्लाची एक निराळी हाक असते. ती त्याचे नावच म्हणा ना. संशोधकांनी काही घरट्यांतली अंडी बदलून पाहिली, तेव्हा पिल्लांनी घेतलेल्या हाका जन्मदात्यांसारख्या नव्हत्या, तर पाळणाऱ्या आईबापांसारख्या होत्या. पिल्लाला त्याचे नाव वाढवणाऱ्याकडून मिळते. हे वाचले तेव्हा माझ्यासमोर आजीचे बोंडले उभे राहिले. माणसांत वाढलेल्या पोपटाचा थवा म्हणजे माणसेच. जो बोलका पक्षी पाळतो, तो त्या थव्याची जागा भरून काढण्याचे वचन देतो. आणि बहुतेकांना आपण असे वचन दिले आहे याची कल्पनाही नसते.

१९७४ च्या पावसाळ्यात आजोबा गेले. तेरा दिवस परवचा बंद होती. चौदाव्या दिवशी संध्याकाळी घरात कुणीच काही बोलत नव्हते; आणि त्या शांततेत तुळईखालून आजोबांचा आवाज आला, “पुढे?” काका जेवणाच्या ताटावरून उठले. तो आवाज त्यांना सोसेना. रोज दिवेलागणीला तो येई, आणि रोज काका ओसरी सोडून निघून जात. काही महिने त्यांनी काढले. मग एके दिवशी ते म्हणाले, “आई, मी याला सोडून देतो. आता थंडी सरली आहे, शेतात दाणा आहे. बिचारा आपल्या जातीत जाईल.” काकांचे मन वाईट नव्हते. ते म्हणत होते ते वरवर पाहता न्यायाचेच होते. आजी म्हणाली, “दार काय, रोजच उघडे असते. तू त्याला गच्चीवर नेऊन बघ.”

काकांनी पिंजरा माळवदावर नेला, दार उघडले आणि आम्ही सारे जिन्याशी उभे राहिलो. राघू बाहेर आला, पिंजऱ्याच्या टपावर चढला आणि पंख झटकून बसला. उन्हे उतरत होती. नदीपलीकडच्या शेतांतून पोपटांचा एक थवा आपल्या झाडाकडे परतत होता. त्यांचा तो तीक्ष्ण कलकलाट जवळ जवळ आला. राघूने मान ताठ केली. त्याची सारी पिसे अंगाशी घट्ट बसली. थवा आमच्या डोक्यावरून बाणासारखा गेला, आणि राघू त्यांच्या दिशेने मान वळवून मोठ्याने ओरडला,

“आले, आले! आले, आले!”

थवा पुढे निघून गेला. त्यांच्यातल्या कुणाला ते कळायचे? राघूने पंख पसरले, तो टपावरून उठला, माळवदाच्या कठड्यापर्यंत गेला आणि तिथे बसला. बराच वेळ तो तसाच बसून होता. आकाश काळे पडू लागले, तेव्हा तो चालत चालत परत आला आणि आपण होऊन पिंजऱ्यात शिरला. काकांनी पिंजरा उचलला आणि खाली आणून पुन्हा तुळईला टांगला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि संध्याकाळी ओसरी सोडून जाणेही हळूहळू थांबवले.

खरा बदल झाला तो आजीत. ती शाळेत कधी गेली नव्हती. तिच्या काळी मुलींना कोण पाठवत होते? आजोबा असताना संध्याकाळच्या त्या पाठांच्या वेळी ती माजघरात असे. आता ती दिवा लावून झाला की पिंजऱ्याखाली येऊन बसू लागली. दिवसभरात जे जे घडले ते ती राघूला सांगे. कोणाची गाय व्याली, विहिरीला पाणी किती उरले, सुनेने आमटीत मीठ कसे दोनदा टाकले. सांगता सांगता ती थांबली की वरून आवाज येई, “पुढे?” आणि ती म्हणे, “सांगते, सांगते. जरा दम धर.” उभ्या संसारात आजोबा तिच्याशी इतके बोलले असतील, असे मला वाटत नाही.

१९८१ च्या श्रावणात आजीही गेली. मी तेव्हा शिक्षणासाठी बाहेरगावी होतो, आणि काकांची बदली झाली होती. आत्याने राघूला आपल्या घरी कऱ्हाडला नेले. तिथे नऊ दिवस तो एक अक्षर बोलला नाही; डाळही त्याने जेमतेम टिपली. आत्याच्या धाकट्या मुलीला आजोबांची ओळख नव्हती; ती जन्मण्याआधीच ते गेले होते. दहाव्या दिवशी संध्याकाळी ती पडवीत बसून सोळाचा पाढा म्हणत होती. सोळा सक शहाण्णव झाले आणि ती अडखळली.

“पुढे?”

मुलगी खुदकन हसली आणि तिने वर पाहिले. आत्या उंबऱ्याशी तांदूळ निवडीत बसली होती. सूप मांडीवर तसेच राहिले, आणि तिचा हात थांबला.

“सोळा साते बारोदरसे,” मुलगी म्हणाली.